वारसावस्तूंची वैज्ञानिक माहिती जोडणे आणि वाटून घेणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संग्रहालयांचे अभिरक्षक, जतनाचे काम करणारे, पुरातत्त्वाचे विद्यार्थी आणि आपल्या गावातल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवू पाहणारे हौशी अभ्यासक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उदाहरणे मुख्यतः अजिंठ्याची आहेत, कारण एकाच वारसास्थळाची माहिती किती ठिकाणी विखुरली जाऊ शकते हे तेथे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते.

वस्तूची ‘वैज्ञानिक माहिती’ म्हणजे नेमकी कोणती?

संग्रहालयाच्या नोंदवहीत वस्तूचे नाव, मापे, अंदाजे काळ आणि ती कोठून आली एवढे असते. वैज्ञानिक माहिती त्याच्या पुढची असते. धातूच्या मूर्तीत तांबे किती आणि कथिल किती, चित्रातला निळा रंग कोणत्या खनिजाचा, गिलाव्यात कोणत्या वनस्पतीचे तंतू मिसळले आहेत, उत्खननातल्या कोळशाचे कार्बन-१४ वय किती, दालनातली आर्द्रता वर्षभरात कशी बदलते, हे सारे तिच्यात येते. जतनाच्या कामाची नोंद मात्र बहुतेक जण या यादीत धरत नाहीत. कोणत्या वर्षी कोणता लेप दिला, कोणत्या द्रावणाने पुसले, कोठे भर घातली ही माहिती आस्थापनेच्या फाइलीत पडून राहते आणि मोजमाप करणाऱ्याच्या हाती येत नाही. ही माहितीही वैज्ञानिकच आहे. तिच्याशिवाय बाकीच्या आकड्यांचा अर्थ कसा चुकतो ते पुढे निळ्या रंगाच्या उदाहरणात दिसेल.

अहवालात सगळे छापलेले असते. मग ते वेगळे जोडण्याचा खटाटोप कशासाठी?

अजिंठ्याचेच पाहू. ब्रिटिश चित्रकार रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून पुढे केलेल्या तेथल्या चित्रांच्या मोठ्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यानंतर जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात नव्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेल्या आणि उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. निजाम सरकारच्या काळात गुलाम याझदानी यांचे सचित्र खंड निघाले. रंगद्रव्यांचे आणि गिलाव्याचे रासायनिक पृथक्करण एस. परमशिवन यांनी १९३० च्या दशकात केले. त्यानंतरचे जतनाचे काम आणि त्याच्या नोंदी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत.

यांतला प्रत्येक दस्तऐवज आपापल्या परीने चांगला आहे, पण एकाचे बोट दुसऱ्याला लागत नाही. एका अहवालात ‘लेणे १७, डावी भिंत’ असे लिहिलेले असते आणि ही डावी बाजू आत शिरणाऱ्याची की गाभाऱ्यातून बाहेर पाहणाऱ्याची, हे कोठेच सांगितलेले नसते. एकाच कथाचित्राला कोणी पालीवरून ‘वेस्संतर’ म्हणतो, कोणी संस्कृतावरून ‘विश्वंतर’. जुन्या इंग्रजी कागदांत खुद्द अजिंठ्याच्या नावाची स्पेलिंगे निरनिराळी आहेत. माणूस हे समजून घेतो. संगणकाला मात्र ती वेगवेगळी ठिकाणे वाटतात. त्यामुळे एकाच भिंतीच्या १८८० च्या प्रतिकृतीतला रंग, १९३० च्या दशकातले पृथक्करण आणि आजचे मोजमाप शेजारी शेजारी ठेवून पाहायचे असेल, तर एखाद्या अभ्यासकाला त्यात महिने घालवावे लागतात आणि पुढच्या अभ्यासकाला तेच काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

‘जोडलेली माहिती’ ही कल्पना सोप्या शब्दांत कशी सांगता येईल?

प्रत्येक गोष्टीला, म्हणजे लेण्याला, भिंतीला, चित्राला, नमुन्याला, मोजमापाला, व्यक्तीला, इंटरनेटवर एक कायमचा पत्ता द्यायचा आणि त्या पत्त्यांमधले नाते तीन पदांच्या छोट्या विधानांत लिहायचे. ‘हा नमुना – घेतला गेला – या चित्रातून’ हे एक विधान झाले. ‘हे चित्र – आहे – या भिंतीवर’ हे दुसरे. अशी विधाने वेगवेगळ्या संस्थांनी वेगवेगळ्या ठिकाणी लिहिली, तरी पत्ते तेच असल्यामुळे ती एकमेकांत गुंफली जातात. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी या पद्धतीचे चार नियम २००६ मध्ये मांडले. नावे पाहिजे तितकी असू द्यावीत, अजिंठा म्हणा की अजंता, पत्ता एक असला म्हणजे झाले. २०१२ मध्ये सुरू झालेला विकिडेटा हा सर्वांना खुला माहितीसाठा याच तत्त्वावर चालतो आणि लहान संस्थेला तेथले क्रमांक फुकट वापरता येतात.

एक निळा ठिपका घेऊन संपूर्ण प्रक्रिया समजावून सांगाल का?

समजा, छताच्या चित्रातल्या एका कमळाचा निळा रंग तपासायचा आहे. पहिल्या दिवशी हातात धरायचे एक्सआरएफ यंत्र आणले. हे यंत्र रंगावर क्ष-किरण सोडते आणि परत येणाऱ्या किरणांवरून तेथे कोणती मूलद्रव्ये आहेत ते सांगते. निकालात कॅल्शियम आले आणि लोह आले, तांबे आले नाही, कोबाल्टही आले नाही. नोंद करणाऱ्याने लिहिले, ‘निळ्या रंगद्रव्याचा पत्ता लागला नाही’.

ही नोंद खोटी नाही, पण अपुरी आहे. अजिंठ्याचा निळा म्हणून ओळखला गेलेला रंग लाजवर्दाचा, म्हणजे संस्कृत ग्रंथांतल्या राजावर्ताचा आहे. त्यातली मुख्य मूलद्रव्ये सोडियम, अॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि गंधक ही हलकी असतात. हवेत धरलेल्या अशा यंत्राला सोडियम दिसतच नाही आणि बाकीची जेमतेम दिसतात. त्यामुळे यंत्र रंगाविषयी जवळपास गप्प राहते आणि खालच्या चुन्याचे, मातीचेच सांगत बसते. तांबे आढळले नाही याचा अर्थ एवढाच, की हा अझुराइट, म्हणजे तांब्याचे निळे खनिज, नसावा. तो लाजवर्द असू शकतो आणि सेंद्रिय नीळही असू शकते, कारण निळीच्या बाबतीतही हे यंत्र तितकेच मुके आहे.

दुसऱ्या दिवशी रामन वर्णपट, म्हणजे लेसरचा प्रकाश टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणारा आलेख, घेतला आणि ५४८ प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्येजवळ ठसठशीत शिखर मिळाले. हे शिखर लाजवर्दातल्या गंधकाच्या तीन अणूंच्या गटाचे आहे. म्हणजे नीळ बाद झाली. पण कारखान्यात तयार होणारा अल्ट्रामरीन, म्हणजे कृत्रिम लाजवर्द, हेच शिखर देतो आणि तो १८२८ पासून बाजारात येऊ लागला. मग हा ठिपका मूळ चित्रातला की नंतर कोणी दुरुस्तीत भरलेला? खनिज लाजवर्दाबरोबर सहसा कॅल्साइट, पायराइट, डायोप्साइड असे सोबती येतात. ते सापडले तर उत्तर मूळ रंगाकडे झुकते. आणि त्या जागी कधी दुरुस्ती झाली का, हे जतनाच्या फाइलीतच मिळते.

तिसरी गोष्ट डोळ्यांची आहे. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन जतनकारांना बोलावले होते. त्यांनी चित्रे सुटू नयेत म्हणून लाखेचा लेप दिला आणि तो पुढे पिवळा पडला. पिवळ्या लेपाखालचा निळा हिरवट दिसतो. म्हणून रंगमापकाने घेतलेला ‘हिरवट निळा’ हा आकडा चित्रकाराचा रंग सांगत नाही. तो चित्रकार, लाख आणि मधली वर्षे या तिघांचा मिळून झालेला रंग सांगतो. लेप काढण्यापूर्वीचा आकडा आणि काढल्यानंतरचा आकडा यांची तुलना करताना मधली सफाई नोंदवलेली नसेल, तर रंग आपोआप बदलला असा भलताच निष्कर्ष निघेल.

एका ठिपक्यासाठी आता आपल्याकडे तीन यंत्रे, तीन मोजमापे, एक जुना लेप आणि कदाचित एक सफाई एवढ्या गोष्टी जमल्या. त्या प्रत्येकीची तारीख, करणारा, यंत्राची मांडणी आणि ठिपक्याचे छायाचित्र एकमेकांना जोडले गेले, तरच पुढचा माणूस आपला निष्कर्ष तपासू शकेल. एका ठिकाणी आम्हाला सुबक टंकलेला तक्ता मिळाला होता; त्यात ‘बिंदू ७’ समोर सर्व मूलद्रव्ये नीट दिलेली होती, पण बिंदू ७ भिंतीवर कोठे आहे हे सांगणारे छायाचित्र कोणाकडेच उरले नव्हते. तो तक्ता आजही आहे आणि काहीही उपयोगाचा नाही.

सिडॉक सीआरएम म्हणजे काय आणि ते शिकलेच पाहिजे का?

वारशाची माहिती कोणत्या सांगाड्यात बसवायची याचे हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. आयएसओ २११२७ या क्रमांकाने ते २००६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि पुढे दोनदा सुधारले गेले. वैज्ञानिक निरीक्षणांसाठी त्याची वेगळी पुरवणीही आहे.

त्यातली मध्यवर्ती कल्पना महाराष्ट्रातल्या कोणाही शेतकऱ्याला ठाऊक आहे. सातबाऱ्यावर जमिनीची आजची स्थिती दिसते. ती तशी का झाली हे गाव नमुना सहाच्या फेरफार नोंदवहीत दिसते, आणि सातबाऱ्यावरच्या नोंदीशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. नेहमीची संग्रहालयातली नोंद सातबाऱ्यासारखी असते. सिडॉक सीआरएमचा आग्रह फेरफाराचा आहे. वस्तू घडवली गेली, पुरली गेली, सापडली, लेप दिला गेला, नमुना घेतला गेला, मोजली गेली, अशी प्रत्येक घटना स्वतंत्र नोंदवायची आणि वस्तू, माणसे, ठिकाणे व तारखा त्या घटनेला जोडायच्या. संपूर्ण मानक पाठ करण्याची गरज नाही. ‘कोणी, कधी, कोठे, कशाने, कशावर’ हे पाच रकाने प्रत्येक मोजमापासाठी नीट भरले, तर त्याचे मानकात रूपांतर नंतर जाणकार करून देऊ शकतो. ते भरलेच नसतील, तर मात्र कोणताही जाणकार काही करू शकत नाही.

पारिभाषिक शब्द इंग्रजीत लिहावेत की मराठीत?

दोन्हींत लिहावेत, पण शब्दाला क्रमांक असावा. गेटी संस्थेचा कला आणि वास्तुकलेचा शब्दकोश २०१४ पासून जोडलेल्या माहितीच्या रूपात खुला आहे आणि त्यात प्रत्येक संकल्पनेला स्वतंत्र क्रमांक आहे. तो घेतला की आपल्या नोंदीत गेरू लिहिले काय किंवा रेड ऑकर लिहिले काय, फरक पडत नाही.

असे असले तरी देशी शब्द टाकून देऊ नयेत, कारण त्यांत कधी कधी इंग्रजी शब्दात नसलेली माहिती असते. कोकणात आणि गोव्यात देवळांच्या भिंतींवर दिसणाऱ्या काव कामातली ‘काव’ केवळ लाल रंगाचे नाव नाही. चुन्याच्या गिलाव्यावर लाल थर देऊन तो कोरून नक्षी काढण्याच्या एका संपूर्ण पद्धतीशी तो शब्द बांधलेला आहे. तो ‘लाल लोहरंग’ या रकान्यात ढकलला, तर रसायन टिकते आणि कारागिरी हरवते. कारागिराने वापरलेला शब्द, तो कोणत्या गावात ऐकला त्यासह, वेगळ्या रकान्यात जसाच्या तसा ठेवावा.

जुन्या कार्बन-१४ तारखा वापरताना काय पाहावे?

या बाबतीत आपल्याकडे एक चांगली गोष्ट आधीपासून आहे. जगभरच्या कार्बन-१४ प्रयोगशाळा प्रत्येक तारखेला आपले आद्याक्षर आणि क्रमांक देतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मोजलेल्या तारखा ‘टीएफ’ने सुरू होतात, पुढे हे काम अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेकडे गेल्यावर ‘पीआरएल’ हे आद्याक्षर आले. नेवासे, इनामगाव अशा महाराष्ट्रातल्या उत्खननांच्या तारखा या क्रमांकांनी शोधता येतात. कायमचा पत्ता म्हणतात तो हाच. फक्त तो इंटरनेटच्या जन्माआधीचा आहे. म्हणून तारीख उद्धृत करताना हा क्रमांक कधीही गाळू नये.

अडचण दुसरीकडे आहे. कार्बन-१४ चा अर्धायुकाल, म्हणजे त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ, आरंभी ५५६८ वर्षे धरला जाई. नंतर ५७३० वर्षे हा आकडा अधिक अचूक ठरला, तरीही तुलना बिघडू नये म्हणून कच्चे वय ५५६८ वरूनच देण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत कायम राहिला. भारतीय लेखनात मात्र ५७३० वरून काढलेली वये बऱ्याच ठिकाणी भेटतात. दोहोंत सुमारे ३ टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे ३००० वर्षांच्या वयात जवळजवळ ९० वर्षांचा. त्यात कोणी १९५० वजा करून सरळ इसवी सनपूर्व वर्ष लिहिले, कोणी वृक्षवलयांवरून दुरुस्त करून लिहिले, आणि दुरुस्तीचा आलेखही वेळोवेळी बदलतो. २०२० मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीच्या दोन टप्प्यांचा क्रम ठरवताना शंभर वर्षे ही किरकोळ बाब नाही.

तेव्हा नोंदीत मूळ कच्चे वय, त्याची कमी-अधिक मर्यादा, कोणता अर्धायुकाल धरला, नमुना कशाचा होता आणि तो कोणत्या थरातला होता हे सर्व असावे. दुरुस्त केलेले वर्ष वेगळ्या रकान्यात, कोणत्या आलेखाने काढले त्यासह द्यावे. कच्चे वय हातात असेल, तर दुरुस्ती केव्हाही पुन्हा करता येते.

अभ्यासकांत मतभेद असतील तर कोणते मत नोंदवावे?

सर्व मते नोंदवावीत, परंतु मोजमाप आणि मत यांची सरमिसळ करू नये. दायमाबादची ब्राँझे हे याचे ठळक उदाहरण. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या या गावी १९७४ मध्ये बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी चार भरीव शिल्पे सापडली. त्यांचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक भरते. ती उत्खननात नव्हे, तर गावकऱ्याला खणताना मिळाली, त्यामुळे थराचा पुरावा थेट हातात नव्हता. पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी आणि इतर काहींनी ती उत्तर हडप्पा, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या, काळातली मानली. धातूच्या पृथक्करणात आर्सेनिकचे प्रमाण १ टक्क्याहून अधिक आले आणि ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंशी ते जुळत नाही म्हणून डी. पी. अग्रवाल यांनी त्या काळाविषयी शंका घेतली.

येथे आर्सेनिकचा आकडा हे निरीक्षण आहे आणि काळ हे अनुमान. नोंदवहीत ‘काळ : उत्तर हडप्पा’ एवढेच लिहिले, तर एका बाजूचा निवाडा नकळत वस्तुस्थिती होऊन बसतो आणि जोडलेल्या माहितीच्या जाळ्यात तो दहा ठिकाणी उमटतो. त्याऐवजी प्रत्येक अनुमान त्याच्या कर्त्याच्या नावाने आणि ज्या निरीक्षणावर ते उभे आहे त्याला जोडून लिहावे. उद्या कोणी पुन्हा पृथक्करण केले, तर कोणती अनुमाने हलतात ते लगेच दिसेल.

नमुना संपून गेला असेल तर?

उरलेले सूक्ष्मदर्शी काप, वर्णपटाच्या फाइली आणि छायाचित्रे हाच मग नमुना. आणि तुलनेसाठी वापरलेले साहित्यही जपावे. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांग वर्गातल्या वनस्पतीचे तंतू असल्याचे एम. आर. सिंग आणि एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ मध्ये दाखवले. अशा ओळखीत जुना तंतू आजच्या ओळखीच्या वनस्पतीशी ताडून पाहावा लागतो. म्हणून आजची वनस्पती कोठून आणली आणि ती कोणत्या वनस्पतिसंग्रहात ठेवली आहे हा तपशील मुख्य निकालाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

सर्वच माहिती सर्वांना खुली करावी का?

नाही. शोधता येणारी, मिळवता येणारी, इतरांशी जुळणारी आणि पुन्हा वापरता येणारी माहिती असावी, अशी २०१६ मध्ये मांडलेली चार तत्त्वे आज बहुतेक संस्था मानतात. परंतु त्यांत ‘सरसकट खुली’ असे कोठेही म्हटलेले नाही. माहिती आहे एवढे कळावे आणि ती कोणत्या अटीवर मिळेल हे स्पष्ट असावे. राखण नसलेल्या स्थळाचे अक्षांश-रेखांश दशांशापर्यंत देणे म्हणजे चोराला वाट दाखवणे होय. तेथे तालुक्यापर्यंतचे ठिकाण पुरेसे आहे. पूजेत असलेल्या मूर्तीची अंतर्गत क्ष-किरण चित्रे टाकण्यापूर्वी देवस्थानाशी आणि गुरवांशी बोलावे, परवानगी केवळ विश्वस्तांच्या कागदावर घेऊन भागत नाही. माहितीवर समूहाचा अधिकार आणि समूहाचे हित पाहणारी वेगळी तत्त्वे मूलनिवासी समाजांच्या पुढाकाराने २०१९ मध्ये पुढे आली. वारली किंवा गोंड समाजाच्या वस्तूंविषयी काम करणाऱ्यांनी ती अवश्य वाचावीत. संरक्षित स्मारकातून नमुना घेण्यास पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते, आणि त्या परवानगीचा क्रमांकही नोंदीत असावा.

छायाचित्रांचे काय?

मोठी चित्रे ट्रिपल-आय-एफ या खुल्या पद्धतीने ठेवल्यास एका संग्रहालयातले चित्र दुसऱ्या संस्थेच्या पानावर, प्रत न काढता, शेजारी ठेवून मोठे करून पाहता येते. लंडनमधली ग्रिफिथ्सची प्रतिकृती आणि आजची भिंत यांची तुलना अशी घरबसल्या करता येऊ शकते. छायाचित्रात रंगपट्टी आणि मोजपट्टी मात्र हवीच.

आमचे संग्रहालय लहान आहे, संगणकतज्ज्ञ नाही. सुरुवात कोठून करावी?

वस्तूच्या मूळ नोंदीसाठी पुण्याच्या सी-डॅकने तयार केलेली ‘जतन’ ही संगणकप्रणाली देशातल्या अनेक राष्ट्रीय संग्रहालयांत वापरली जाते. ती नसेल तरी साधा तक्ता चालतो. वस्तूचा नोंद क्रमांक एकदा दिला की बदलू नये आणि वस्तू गेली तरी तो दुसऱ्या वस्तूला देऊ नये. बाहेरचा अभ्यासक यंत्र घेऊन आला, तर परवानगीपत्रातच अट घालावी, की यंत्राची कच्ची फाइल, साध्या मजकुराच्या स्वरूपातली तिची प्रत आणि प्रत्येक बिंदूचे छायाचित्र तो जाण्यापूर्वी देईल. ‘नंतर पाठवतो’ हे उत्तर स्वीकारू नये. नंतर पाठवलेली फाइल आम्ही फारशी पाहिलेली नाही. कंपनीच्या प्रणालीतच उघडणारी फाइल दहा वर्षांनी उघडेल याची खात्री नसते, म्हणून साध्या मजकुरातली प्रत हवी.

जुन्या नोंदीत चूक सापडली, तर ती पुसून दुरुस्त करावी का?

पुसू नये. जुनी नोंद रद्द केल्याची खूण करावी, नव्या नोंदीत कोणी, कधी आणि कशाच्या आधारे बदल केला ते लिहावे आणि दोन्ही एकमेकींना जोडावीत. वरच्या उदाहरणातली ‘रंगद्रव्याचा पत्ता लागला नाही’ ही पहिल्या दिवसाची नोंदही तशीच राहू द्यावी. त्या यंत्राला त्या भिंतीवर काय दिसले नाही, हे तेच यंत्र घेऊन शेजारच्या लेण्यात जाणाऱ्याला त्याच नोंदीतून कळणार आहे.